‘स्टेट’ कोणतं? मराठवाड्याच्या कागदपत्रांतला एक छोटा शब्द



पेट झाली, गाईड मिळाले, आता विषय मराठवाड्याच्या आधुनिक इतिहासातला घ्यायचा आणि सिनॉप्सिस लिहायला बसायचं, अशा टप्प्यावर असलेले बरेच जण हा ब्लॉग वाचतात. आजचा लेख खास त्यांच्यासाठी. विषय आहे एकच इंग्रजी शब्द : स्टेट. शाळेपासून माहीत असलेला आणि म्हणूनच कोणी शब्दकोशात न बघणारा.

आधी ही सहा नावं वाचा.

१. हैदराबाद स्टेट
२. हैदराबाद स्टेट काँग्रेस
३. मिनिस्ट्री ऑफ स्टेट्स
४. स्टेट्स रिऑर्गनायझेशन कमिशन
५. हैदराबाद स्टेट बँक
६. स्टेट ट्रान्सपोर्ट, म्हणजे आपली एसटी

विसाव्या शतकाच्या मधल्या वीस-पंचवीस वर्षांवर काम करणाऱ्याला ही सगळी नावं भेटतात. शब्द तोच, पण सगळीकडे अर्थ एक नाही. ‘राज्य’ असं भाषांतर करून पुढे गेलात, तर निम्म्या ठिकाणी वाक्य चुकेल. आणि ही चूक व्याकरणाची नसते. कायदा कोणी केला, सत्ता कोणाची होती, माणसं प्रजा होती की नागरिक, हेच त्यात उलटंपालटं होतं.

मूळ एक, फांद्या अनेक

लॅटिनमध्ये ‘स्टेटस’ म्हणजे उभं असण्याची रीत, स्थिती. तिथून जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत दोन शब्द आले : स्टेट आणि इस्टेट. मराठीने दोन्ही घेतले. ‘बापाची इस्टेट’ म्हणजे जमीनजुमला, आणि ‘स्टेट’ म्हणजे राज्य किंवा सरकार. इंग्रजीत स्टेटचा ‘अवस्था’ हा अर्थ अजून चालतो, ‘सांगणे’ हे क्रियापदही चालतं. राजाची स्थिती, मग राजाचं राज्य, मग राजा गेला तरी उरणारी सत्तेची रचना, असा अर्थ हळूहळू सरकत गेला. युरोपात हा शेवटचा अर्थ रूढ व्हायला सोळावं-सतरावं शतक उजाडलं. मॅकियाव्हेलीच्या ‘द प्रिन्स’मधल्या ‘स्तातो’ या शब्दावर अभ्यासक आजही वाद घालतात, तो याच कारणाने.

गंमत म्हणजे आपला ‘संस्थान’ हा शब्द संस्कृतमधल्या ‘स्था’ या धातूवरून आलाय, आणि ‘स्था’ व लॅटिनमधला ‘स्तारे’ ही एकाच भाषाकुळातली भावंडं आहेत. म्हणजे ‘स्टेट’साठी ‘संस्थान’ हा शब्द ज्याने पहिल्यांदा वापरला, त्याने नकळत सख्खा नातलगच शोधला.

१९४७ आधी : स्टेट म्हणजे प्रांत नव्हे

ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानच्या नकाशावर दोन रंग होते. एक ब्रिटिशांच्या थेट ताब्यातला मुलूख. त्याचे भाग म्हणजे प्रेसिडेन्सी किंवा प्रॉव्हिन्स, मराठीत इलाखा किंवा प्रांत. दुसरा राजेरजवाड्यांचा मुलूख. त्याला आधी ‘नेटिव्ह स्टेट्स’ आणि पुढे ‘इंडियन स्टेट्स’ म्हणत. १९३५च्या भारत सरकार कायद्यातही हीच जोडी आहे : एका बाजूला प्रॉव्हिन्स, दुसऱ्या बाजूला स्टेट.

आज आपण मुंबईला राज्याची राजधानी म्हणतो, पण १९३५ साली मुंबई ‘स्टेट’मध्ये नव्हती, औरंगाबाद होतं. त्या काळातल्या इंग्रजी कागदात ‘स्टेट्समधली परिस्थिती’ असा उल्लेख आला, तर तो मुंबई, मद्रास, बंगालबद्दल नसतो. तो हैदराबाद, बडोदा, कोल्हापूर, औंध, सांगली यांच्याबद्दल असतो.

अशी साडेपाचशेहून अधिक संस्थानं होती. सुमारे ८२ हजार चौरस मैलांचं हैदराबाद हे स्टेट, आणि काठेवाडातली चार-दोन गावांची जहागीर हेही स्टेट. एवढ्या वेगवेगळ्या आकारांना एकच शब्द लावणं इंग्रजांच्या सोयीचं होतं. त्यांना ‘किंगडम’ म्हटलं तर राजा बरोबरीचा ठरतो, ‘इस्टेट’ म्हटलं तर नुसता जमीनदार ठरतो. ‘स्टेट’ मधलं होतं : मान राहतो, सार्वभौमत्व मिळत नाही.

सातव्या निझामाने, मीर उस्मान अली खानाने, वऱ्हाडच्या प्रश्नावर बरोबरीच्या नात्याने बोलण्याचा प्रयत्न केला, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने २७ मार्च १९२६ च्या पत्रात त्याला स्पष्ट शब्दांत जागा दाखवली. ब्रिटिश सत्ता हिंदुस्थानात सर्वोच्च आहे आणि कोणत्याही संस्थानिकाला तिच्याशी समान पातळीवर वाटाघाटी करता येणार नाहीत, हा त्याचा सारांश. निझामाला १९१८ मध्ये ‘हिज एक्झाल्टेड हायनेस’ हा इतरांपेक्षा वरचा किताब मिळाला होता, तरीही. किताब मोठा झाला, म्हणून ‘स्टेट’चा अर्थ बदलला नाही.

आता याच मुलखाला आतली माणसं काय म्हणत होती ते बघू. उर्दू सरकारी कागदांत ‘ममालिक-ए-महरूसा सरकार-ए-आली’ किंवा नुसतं ‘सरकार-ए-आली’ सापडतं. रियासत हा शब्दही आहे. इंग्रजी पुस्तकांवर ‘द निझाम्स डोमिनियन्स’ असतं. आणि गावखेड्यातला मराठी माणूस म्हणायचा ‘मोगलाई’. नगर किंवा सोलापूरकडच्या हद्दीवर ‘इकडे इंग्रजी, पलीकडे मोगलाई’ अशी विभागणी होती. ‘काय मोगलाई लागून गेली काय?’ हे आपण आजही अंदाधुंदीबद्दल बोलतो.

‘संस्थान’ शब्दालाही एक आतला कोपरा आहे. हैदराबादच्या कारभारात खालसा म्हणजे दिवाणी मुलूख होता, निझामाची खासगी ‘सर्फ-ए-खास’ होती, पायगा होत्या, जहागिरी होत्या, आणि गदवाल, वनपर्ती अशी काही ‘समस्थानं’ही होती. म्हणजे हैदराबाद संस्थानाच्या पोटात संस्थानं. तेलंगणातल्या एखाद्या समस्थानाचा कागद वाचताना ‘संस्थान’ म्हणजे पूर्ण हैदराबाद असं धरलं, तर तालुकाभर मुलखाचा महसूल सगळ्या राज्याच्या नावावर चढेल. शिर्डी आणि शेगावची देवस्थानंही ‘संस्थान’च आहेत हे वेगळंच.

स्टेट काँग्रेस म्हणजे प्रदेश काँग्रेस नव्हे

‘हैदराबाद स्टेट काँग्रेस’ हे नाव वाचून नवा विद्यार्थी आजची प्रदेश काँग्रेस समिती डोळ्यापुढे आणतो. पक्ष दिल्लीत, शाखा हैदराबादेत. १९३८ साली गोष्ट अशी नव्हती.

फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा अधिवेशनात राष्ट्रीय काँग्रेसने ठरवलं की संस्थानांतल्या लढ्याची जबाबदारी तिथल्या लोकांनी आपापल्या संघटनांमार्फत उचलावी, काँग्रेसच्या नावावर ती चालवू नये. संस्थानी प्रजेचं वेगळं अखिल भारतीय व्यासपीठ १९२७ पासून होतंच. हैदराबादेत भाषेनुसार तीन परिषदा काम करत होत्या : आंध्र महासभा, कर्नाटक परिषद आणि आपली महाराष्ट्र परिषद. महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन १९३७ मध्ये परतूरला भरलं. या पार्श्वभूमीवर १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस उभी राहत होती, तर निझाम सरकारने सप्टेंबरमध्ये ती रीतसर स्थापन होण्याआधीच बेकायदा ठरवली. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला, स्वामी रामानंद तीर्थ आणि इतर तुरुंगात गेले. बंदी उठली ती थेट १९४६ मध्ये.

म्हणजे या नावातलं ‘स्टेट’ राष्ट्रीय काँग्रेसपासूनचं अंतर दाखवतं आणि ‘काँग्रेस’ तिच्याशी असलेलं नातं. सुरुवातीची मागणी होती निझामाच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धतीची. विलीनीकरणाची मागणी पुढची. ७ ऑगस्ट १९४७ ला ‘भारतीय संघराज्यात सामील व्हा’ दिन पाळला गेला तेव्हा ती रस्त्यावर आली होती. १९३८ ची मागणी १९४७ च्या भाषेत लिहिणं ही आपल्याकडच्या प्रबंधांत नेहमी दिसणारी गोष्ट, आणि तिचं एक कारण हे नाव सरळ ‘राज्य काँग्रेस’ असं वाचलं जाणं हे आहे.

एक निरीक्षण नोंदवून ठेवा. मराठी कार्यकर्त्यांनी ‘स्टेट्स पीपल्स’चं भाषांतर ‘संस्थानी प्रजा’ असं केलं, पण ‘स्टेट काँग्रेस’चं भाषांतर केलं नाही. ते नाव मराठवाड्यात आजही इंग्रजीच बोललं जातं.

१९४८ : शब्द पॅरिसला पोचतो

जून १९४७ मध्ये निझामाने फर्मान काढलं : आपण दोन्ही घटना समित्यांपैकी कुठेही प्रतिनिधी पाठवणार नाही, आणि ब्रिटिश सार्वभौमत्व संपलं की आपण स्वतंत्र सार्वभौम सत्ता होऊ. भारतीय स्वातंत्र्य कायद्याने संस्थानांवरची ब्रिटिश अधिसत्ता १५ ऑगस्टला संपत होती, त्याचा अर्थ निझामाने असा लावला. रीडिंगने १९२६ मध्ये नाकारलेला अर्थ त्याला आता हवा होता. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत सरकारशी ‘जैसे थे’ करार झाला, पण मुद्दा सुटला नाही. रझाकारांच्या अत्याचारांनी सीमेवरची आणि आतली गावं होरपळत होती, लोक घरदार सोडून शेजारच्या जिल्ह्यांत जात होते.

२१ ऑगस्ट १९४८ ला हैदराबाद सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. आधार होता सनदेच्या कलम ३५चा दुसरा परिच्छेद. त्यानुसार संयुक्त राष्ट्रांचं सदस्य नसलेलं ‘स्टेट’सुद्धा वाद परिषदेपुढे आणू शकतं. सगळा खटला या एका शब्दावर उभा होता. सदस्य नाही हे मान्यच, पण हैदराबाद ‘स्टेट’ आहे का?

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबादच्या हद्दीत शिरल्या. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेपुढे विषय आला. हैदराबादतर्फे मोईन नवाझ जंग, भारतातर्फे रामस्वामी मुदलियार. मुदलियारांचा मूळ आक्षेप हाच, की हैदराबाद आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अर्थाने स्टेट नाही, कधी नव्हतं, त्यामुळे त्याला परिषदेपुढे येण्याचा अधिकारच नाही. दुसऱ्या दिवशी, १७ सप्टेंबरला, निझामाने शरणागती पत्करली आणि २२ सप्टेंबरला तक्रार मागे घेत असल्याची तार पाठवली.

आता ‘पोलीस ॲक्शन’ हे नाव याच्याशेजारी ठेवून बघा. कारवाई लष्कराने केली, रणगाडे आणि विमानं होती. लष्करी सांकेतिक नाव होतं ऑपरेशन पोलो. तरी सरकारी भाषेत ती ‘पोलीस’ कारवाई. दोन सार्वभौम स्टेट्समध्ये जे होतं त्याला युद्ध म्हणतात. देशाच्या आत सुव्यवस्थेसाठी जे केलं जातं ती पोलिसी कारवाई. म्हणजे ‘पोलीस’ हा शब्द निवडताना ‘स्टेट’चा निकालही लावला गेला होता. आपण ‘पोलीस ॲक्शन’, ‘मुक्तिसंग्राम’, ‘विलीनीकरण’, ‘सामीलीकरण’ यांपैकी कोणता शब्द वापरतो, त्यातून त्या निकालाबद्दलचं आपलं मत वाचकाला कळतं. मत जरूर असावं, पण ते नकळत लिहिलं जाऊ नये.

१९५० : इंग्रजीत काहीच बदललं नाही

२६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली. भारत ‘राज्यांचा संघ’ झाला. जुना प्रॉव्हिन्स आणि जुनं स्टेट, दोघांनाही आता ‘स्टेट’ हेच नाव. फरक पुरता गेला नाही. पहिल्या अनुसूचीत भाग केले गेले. मुंबई ‘अ’ भागात, तिथे राज्यपाल. हैदराबाद ‘ब’ भागात, तिथे राजप्रमुख. आणि राजप्रमुख कोण? तोच निझाम, आता भारतीय राज्यघटनेखाली. हा फरक १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने मिटला.

समजा तुमच्या हातात तीन इंग्रजी कागद आहेत, १९४६, १९४९ आणि १९५३ चे, आणि तिन्हींवर ‘हैदराबाद स्टेट’ लिहिलंय. अक्षर न् अक्षर सारखं. पण पहिल्यात ते निझामाचं संस्थान आहे. दुसऱ्यात मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या लष्करी राजवटीखालचा मुलूख आहे. तिसऱ्यात निवडून आलेलं विधिमंडळ आणि बुर्गुला रामकृष्ण राव यांचं मंत्रिमंडळ असलेलं, घटनेतलं घटक राज्य आहे. मराठीत आपण पहिल्याला संस्थान आणि तिसऱ्याला राज्य म्हणतो, म्हणजे इंग्रजीने झाकलेला बदल मराठी दाखवते. मधल्या कागदासाठी मात्र मराठीकडेही तयार शब्द नाही, आणि नेमकी तिथेच गडबड होते.

उदाहरण घ्या. जहागिरी रद्द करण्याचा कायदा ऑगस्ट १९४९ चा. ‘हैदराबाद संस्थानाने १९४९ मध्ये जहागिरदारी रद्द केली’ असं लिहिलंत, तर वाचकाला वाटेल निझामाने केली. ‘भारत सरकारने रद्द केली’ लिहिलंत, तर कागद दाखवायला अडचण, कारण तो हैदराबादचाच विनियम आहे, फसली सन १३५८ चा. नीट वाक्य असं होईल : ‘हैदराबादच्या लष्करी गव्हर्नरच्या राजवटीत विनियम काढून जहागिरदारी रद्द झाली.’ चार शब्द वाढले, पण कुळाच्या जमिनीबद्दलचा निर्णय कोणी घेतला हे कळलं.

बाबासाहेबांची तीन शीर्षकं

हा बदल एकाच लेखकाच्या शीर्षकांत बघायचा असेल, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं लेखन काढा. आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे आणि ज्यांनी १९५० मध्ये याच शहरात मिलिंद महाविद्यालय उभं केलं, त्यांच्या या तीन पुस्तिका ग्रंथालयात सहज मिळतील.

१९४७ : स्टेट्स अँड मायनॉरिटीज. हे अनुसूचित जाती फेडरेशनतर्फे केलेलं निवेदन. त्यात बाबासाहेबांनी प्रांतांना यापुढे ‘स्टेट्स’ म्हणावं आणि ते व ‘इंडियन स्टेट्स’ मिळून एक संघ व्हावा असा मसुदा मांडलाय. म्हणजे घटनेच्या तीन वर्षं आधीच ते शब्दाचा नवा अर्थ करून घेत होते. त्याच निवेदनात ‘स्टेट सोशॅलिझम’ही आहे. तिथे ‘स्टेट’ म्हणजे ना संस्थान, ना घटक राज्य. ती आहे मूलभूत उद्योग आणि शेती आपल्या मालकीची करणारी सार्वजनिक सत्ता. एका छोट्या पुस्तिकेत एक शब्द तीन कामं करतो.

१९४८ : महाराष्ट्र ॲज अ लिंग्विस्टिक प्रॉव्हिन्स. घटना अजून झालेली नाही, म्हणून महाराष्ट्र हा ‘प्रॉव्हिन्स’.

१९५५ : थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स. घटना झाली, म्हणून आता ‘स्टेट’.

मराठी बोलीने मात्र ही उडी घेतली नाही. काँग्रेसने १९२० च्या नागपूर अधिवेशनात भाषावार प्रांतिक समित्यांचं धोरण घेतलं, तेव्हापासून ‘भाषावार प्रांतरचना’ हा शब्द तोंडी बसला. १९५३ मध्ये फाजल अली आयोग नेमला गेला. त्याचं नाव ‘राज्य पुनर्रचना आयोग’, पण आपली पाठ्यपुस्तकं आजही ‘भाषावार प्रांतरचना’च लिहितात. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य नकाशावरून गेलं आणि औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. ‘प्रांत’ आता फक्त या शब्दप्रयोगात आणि ‘प्रांतसाहेब’ म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याच्या हुद्द्यात शिल्लक आहे.

रेल्वे, बस, बँक

रोजच्या वापरातल्या तीन नावांकडे येऊ.

मनमाडहून औरंगाबादमार्गे सिकंदराबादकडे जाणारा लोहमार्ग ‘निझाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे’चा. ब्रिटिश हिंदुस्थानात ‘स्टेट रेल्वे’ म्हणजे सरकारने बांधलेली आणि ‘गॅरंटीड रेल्वे’ म्हणजे खासगी कंपनीची, जिला सरकारने ठरावीक परताव्याची हमी दिलीय अशी. दोन वेगळे प्रकार. इथे दोन्ही शब्द एकत्र आले, कारण आधी निझाम सरकारच्या पैशातून झालेला मार्ग पुढे लंडनमधल्या कंपनीकडे गेला आणि हमी निझाम सरकारने दिली. १९३० मध्ये सरकारने तो विकत घेतला, तेव्हा ‘गॅरंटीड’ गळालं आणि ‘स्टेट’ राहिलं.

एसटीची पहिली बस १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. त्या दिवशी मुंबई हा कायद्याने ‘प्रॉव्हिन्स’ होता. म्हणजे ‘स्टेट ट्रान्सपोर्ट’मधलं ‘स्टेट’ हे मुंबई राज्य असू शकत नाही. ते खासगीच्या विरुद्ध ‘सरकारी’ या अर्थाचं आहे. नागपूरकडे त्याच काळात ‘प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस’ होती. मराठवाड्यात निझामाच्या रेल्वे खात्याने १९३२ पासूनच बस चालवल्या होत्या. १९५६ नंतर हे तिन्ही प्रवाह एकत्र आले आणि त्यातून आजचं महामंडळ झालं.

हैदराबाद स्टेट बँक १९४१ च्या कायद्याने झाली. निझामाच्या उस्मानिया सिक्क्याचं कामही तिच्याकडे होतं. तिथे ‘स्टेट’ म्हणजे हैदराबाद संस्थान. १९५६ मध्ये ती ‘स्टेट बँक ऑफ हैदराबाद’ झाली, आणि त्याच वर्षी हैदराबाद राज्य संपलं. नावातलं ‘स्टेट’ आता त्याआधीच्या वर्षी झालेल्या ‘स्टेट बँक ऑफ इंडिया’च्या वळणाचं, म्हणजे सार्वजनिक मालकीचं. मराठवाड्यातल्या शिक्षकांचे पगार आणि शेतकऱ्यांची पीककर्जं पुढची साठ वर्षं ‘एसबीएच’मधून होत राहिली. १ एप्रिल २०१७ ला ती स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली.

आणि घटनेतलं ‘राज्य’

नेटच्या तयारीत ‘राज्य धोरणाची निदेशक तत्त्वे’ पाठ करताना कित्येकांना वाटतं की हे महाराष्ट्र, कर्नाटक अशा राज्यांसाठी आहे. कलम १२ वाचा. तिथे ‘राज्य’मध्ये भारत सरकार आणि संसद येते, प्रत्येक घटक राज्याचं सरकार आणि विधिमंडळ येतं, आणि स्थानिक व इतर प्राधिकरणंही येतात. म्हणजे आपली जिल्हा परिषद आणि महानगरपालिकासुद्धा. मूलभूत हक्क ज्याच्या विरोधात मागायचे, ते हे राज्य. राज्यशास्त्रवाले गोंधळ टाळायला ‘राज्यसंस्था’ म्हणतात. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनीही ही सवय लावून घ्यायला हरकत नाही.

मग काम कसं करायचं?

कोणताही कागद हातात आला की चार गोष्टी तपासा.

पहिली, तारीख. १५ ऑगस्ट १९४७, १७ सप्टेंबर १९४८, २६ जानेवारी १९५०, १ नोव्हेंबर १९५६ आणि १ मे १९६० या पाच तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. कागद कोणत्या दोन तारखांच्या मधला आहे ते आधी ठरवा. फसली सन असेल तर साधारण ५९० मिळवून इसवी सन काढा, महिन्यानुसार एका वर्षाचा फरक पडू शकतो.

दुसरी, विरुद्ध शब्द. त्याच कागदात ‘स्टेट’च्या समोर काय ठेवलंय? प्रॉव्हिन्स असेल तर स्टेट म्हणजे संस्थान. युनियन किंवा सेंटर असेल तर घटक राज्य. कंपनी किंवा खासगी मालक असेल तर सरकारी. व्यक्तीचे हक्क असतील तर राज्यसंस्था. बहुतेक वेळा एवढ्याने अर्थ सुटतो.

तिसरी, बोलणारा. निझामाचा वकील, रेसिडेंट, स्टेट काँग्रेसचा कार्यकर्ता आणि दिल्लीतला सचिव हे चौघं एकाच महिन्यात ‘स्टेट’ म्हणतील आणि चौघांचा दावा वेगळा असेल.

चौथी, तुमचा मराठी शब्द. प्रास्ताविकात अर्धं पान द्या : ‘या प्रबंधात १९४८ पर्यंत संस्थान, १९५० पासून राज्य, आणि सत्तारचना या अर्थाने राज्यसंस्था असे शब्द वापरले आहेत.’ मधल्या काळासाठी ‘लष्करी राजवट’, ‘मुलकी प्रशासन’ असं जे खरोखर होतं तेच लिहा. व्हायव्हात पहिला प्रश्न इथेच आला, तर उत्तर तयार असेल.

यादी शोधतानाही हेच. सरदार पटेलांच्या हाताखालचं ‘मिनिस्ट्री ऑफ स्टेट्स’ म्हणजे संस्थान खातं. त्याच्या फायली दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात वेगळ्या गटात आहेत. १९५५ मध्ये ते गृह मंत्रालयात मिसळलं, म्हणून त्यानंतरचा पत्रव्यवहार गृहच्या यादीत बघा. नुसतं ‘हैदराबाद स्टेट’ टाकून थांबू नका. निझाम्स डोमिनियन्स, सरकार-ए-आली, रियासत, संस्थान, हैद्राबाद असं जोडाक्षरी रूप, सगळं टाकून बघा. निझामकालीन नोंदी हल्ली अभ्यासकांबरोबर सामान्य कुटुंबंही दाखल्यांसाठी शोधताहेत. अशा कागदाचा अर्थ कोणी विचारायला आलं, तर घाईने सांगू नका, आधी वर्ष आणि कचेरी बघा.

सरावासाठी एक शब्द देतो : ‘मुलकी’. पुण्याकडच्या कागदात तो महसुली किंवा लष्करी नसलेला या अर्थाने भेटेल. हैदराबादच्या नोकरीविषयक नियमांत तो ‘इथला रहिवासी’ या अर्थाने भेटेल, आणि त्यावरून १९५२ मध्ये आंदोलन झालंय. वर मी ‘मुलकी प्रशासन’ लिहिलंय, त्यातला अर्थ कोणता, हे याच चार प्रश्नांनी सोडवून बघा.